नागूबाईचा हुंकार

…न्हाय गं आरोही, तसं नगं लिहू. "नागूबाई आधी व्हय म्हणली आन् ऐनवेळी फिरली" असं गावातल्या बाया म्हणतेत, ते खोड. ती फिरली न्हाय. ती कबूलच कवा झाल्ती, फिरायला? खोडलंस? बरं. आता म्या सांगते तसंच लिही. तुझ्या कॉलेजातल्या मराठीत नगं घालू, न्हायतर वाचणाऱ्याला वाटंल आजी न्हाय, मास्तरीण बोलायलीय.

नागूबाई आमच्या ईट गावातलीच. आमच्या रानाच्या वरल्या अंगाला माळ हाय, त्या माळाच्या कडंला तिचं घर. धनगराची. नवरा जाऊन लई वरसं झाली. ल्योक सिदू, सून वर्षाराणी, आन् एक लेक शिवकन्या, ती येरमाळ्याला दिलीय. उभा जल्म शेरडा-मेंढरामागं चालली ती. आमचं पीक निघालं की तिची मेंढरं आमच्या रानात बसायला यायची, खताला. तवापसनं आमची वळख. ती मला द्वारकाआक्का म्हणती, म्या तिला नागूबाई.

अंगानं वाळकी, पर चालायला लागली की तरण्या पोरांना मागं टाकायची. पायात नवऱ्याच्याच टायरच्या चपला. बोलणं लई कमी. कुणीबी बोलाया लागलं की तिच्या तोंडात एकच, "व्हय जी."

ते कुठनं आलं, सांगते. तिचा बाप सुंबरान गायचा. सुंबरान म्हंजी धनगराच्या देवाच्या ओव्या, थोडं गायचं, थोडं गोष्टीवाणी सांगायचं. सांगणारा एक ओळ बोलला की बाजूला बसलेल्यानं "व्हय जी" म्हणायचं. त्याला हुंकार म्हणतेत. हुंकार न्हाय आला तर सांगणाऱ्याला वाटतंय समोरचं झोपलं, त्याची गोष्ट तिथंच अडती. बापानं ल्हानपणीच नागूबाईला ह्या कामाला बसवली. पोर ती, डुलक्या खायची, पर तोंड आपलं "व्हय जी, व्हय जी" करत ऱ्हायचं. ती सवय हाडात मुरली. म्या सांगावं, "नागूबाई, आमची बोअर आटली बघ." "व्हय जी." "आमच्या मालकाचं गुडघं धरलंय." "व्हय जी." बोलणाऱ्याला लई बरं वाटतंय गं अशा बाईपाशी. म्या तर बोलतच बसायचे. तुझा आजा कोंडीराम म्हणायचा, "ती बाई शेजारी हाय म्हणून माझं कान शाबूत हायत."

ह्या सवयीनं एकदा घोळ घातलाच. शिवकन्येचं लगीन व्हायचं व्हतं. येरमाळ्याच्या बाजारात शिवशरण म्हणून शेरडांचा एक व्यापारी, त्यानं हिच्यापाशी एका पोराची गोष्ट काढली. पोरगं चांगलं हाय. "व्हय जी." घरी विहीर हाय. "व्हय जी." मंग सोमवारी पाव्हणे घिऊन येऊ का? "व्हय जी." झालं! सोमवारी जीपभर माणसं दारात, सुपारी फोडायला, आन् नागूबाई माळावर शेरडामागं. बोलवून आणली. शिवकन्या चुलीपासनं वरडली, "आये, तू ह्यांना व्हय म्हणलीस?"

"म्या ऐकत व्हते, माय," नागूबाई म्हणली. "ते सांगत व्हते, म्या ऐकत व्हते."

पाव्हण्यांतला एक म्हातारा समजदार व्हता. धनगरच त्यो. हसला आन् म्हणला, "चला, च्या पिऊन निघू. हुंकारावर सोयरीक होत न्हाय." गेले बिचारे. तवा समदी हसली. पर पुढं ह्याच हुंकारानं दवाखान्यात घोळ घातला, तिथं हसायचं व्हतं का मंग?

आता पायाचं सांगते. नागूबाईला साखर. आपल्याकडं शुगर म्हणतेत ती. ही म्हणायची, "च्यात टाकायला पुरत न्हाय आन् अंगात कुठनं आली." गोळ्या कधी खायची, कधी न्हाय. साखरंनं पाय बधिर झाले, ते तिला कळलंच न्हाय. येड्या बाभळीचा काटा चपलंतनं आत गेला, मोडून ऱ्हायला. दुखलं असतं तर काढला असता. दुखलाच न्हाय. वर्षाराणीला वास आला तवा बघितलं, तर अंगठा काळा पडलेला, शेजारची दोन बोटं बी.

सिदूनं तिला धाराशिवला नेली, खासगी दवाखान्यात. नाव घालू नगं. डॉक्टर वाईट न्हवते, उगं त्यांच्या नावाला बट्टा नगं. मोठे डॉक्टर आले, पाय बघितला, आन् खाटंजवळ हुबं राहून समदं सांगितलं. सिदूनं मला मागनं सांगितलं तसं सांगते. डॉक्टर म्हणले, "आजी, पायाचा रक्तपुरवठा गेलाय."

"व्हय जी."

"जंतू वर चढतायत. धोका आहे."

"व्हय जी."

"आपण गुडघ्याखाली घेऊ या. म्हणजे वरचा पाय वाचेल. कळलं ना?"

"व्हय जी."

डॉक्टरच्या मनाला वाटलं, म्हातारी शहाणी हाय, रडली न्हाय, भांडली न्हाय. ते पुढल्या खाटंला गेले. सिदूला मातर भायेर नेऊन नीट सांगितलं, की पाय गुडघ्याखाली कापायचा हाय. सिदूनं हात जोडले. त्यो म्हणला, "साहेब, तुमी म्हणताल तसं. फकस्त आईला आता काय सांगू नका. ती भ्याली तर उठून घरी चालायला लागंल." डॉक्टर म्हणले, "अहो, मी सांगितलंय त्यांना. हो म्हणाल्या त्या." सिदूला आईचा हुंकार ठाव व्हता का न्हाय? जल्माचा ठाव व्हता. पर त्यो गप बसला. सही केली. त्याच्याबी जागी बसून बघ, आरोही. आईचा जीव जाईल म्हणतेत, तिथं ल्योक काय बोलंल?

दुसऱ्या दिशी सकाळी म्या भाकरी बांधून गेले, एस्टीनं. नागूबाई खाटंवर हिरवा झगा घालून बसलेली. मला म्हणली, "आक्का, बघ ह्यांनी मला काय नेसवलंय, पाठ उघडी." पदर नसल्याची तिला लई शरम वाटायली. सिदू खिडकीपाशी हुबा. म्या इचारलं, "काय करणार हायत रं?" तर त्यो म्हणला, "आप्रेशन हाय, मावशी," आन् तोंड भायेर केलं.

तेवढ्यात भूल देणारी डॉक्टरीण आली. शिवांजली नाव तिचं, नर्सा शिवांजली मॅडम म्हणायच्या. आडनाव कुणी सांगितलं न्हाय. तरणी पोरगी. भूल द्यायला ह्या दवाखान्यातनं त्या दवाखान्यात पळायची म्हणं. हुबं राहून बोलली न्हाय, खाटंवरच टेकली.

"आजी, नाव काय तुमचं?"

"नागूबाई."

"सकाळपासून काही खाल्लं का?"

"व्हय जी."

डॉक्टरीणबाई एकदम ताठ झाली. भूल द्यायच्या आधी पोट रिकामं लागतंय, न्हायतर माणूस दगावतंय. "खाल्लं? काय खाल्लं?"

"काय न्हाय."

"अहो, आत्ता हो म्हणालात ना?"

"तुमी बोलत व्हता, म्हणून म्हणलं."

नर्स फिसकन हसली. डॉक्टरीण हसली न्हाय. तिनं चष्मा डोक्यावर सारला आन् नागूबाईकडं बघत बसली. मंग म्हणली, "आजी, मी आता बोलत नाही. तुम्ही सांगा. आज तुमचं काय करणार आहेत?"

नागूबाईनं माझ्याकडं बघितलं. तिला कुणी असं इचारतच न्हाय कधी. ती म्हणली, "पट्टी बदलणार हायत की. मोठे डॉक्टर म्हणले गुडघ्याखाली घिऊ. म्हंजी आता पट्टी गुडघ्याखालनं बांधणार. मोठी असंल."

म्या सिदूकडं बघितलं. सिदूनं कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं. मला तवा कळलं.

डॉक्टरीण उठली. "यांना मी भूल देणार नाही," असं नर्सला म्हणली आन् भायेर गेली.

मोठे डॉक्टर आले ते तणतणतच. आत तयारी झाल्ती, त्यांची बी चूक न्हाय. "मॅडम, काल मी स्वतः समजावलंय. प्रत्येक वाक्याला हो म्हणाल्यात त्या. मुलाची सही आहे."

"सर, त्या हो म्हणत नाहीत. त्या ऐकतायत असं सांगतात. आणि मुलगा त्यांचा आहे, पाय त्यांचा आहे. त्या शुद्धीवर आहेत, त्यांना विचारायला नको?"

"आणि पाय तासातासाला सडतोय, त्याचं काय?"

"म्हणून तर आत्ताच विचारू या म्हणते."

मोठ्या डॉक्टरांनी नागूबाईकडं बघितलं. मंग नर्सला म्हणले, "स्टूल आणा." बसले. आता डॉक्टरीण नागूबाईला म्हणती कशी, "आजी, आता हुंकार द्यायचा नाही. गप्प ऐकायचं. नाही कळलं तर हात वर करायचा." नागूबाईनं तोंडावर हातच ठेवला. तरी मधी मधी हाताच्या आतनं "व्हं" असा आवाज यायचाच. मला त्या वक्ताला बी हसू आलं, काय करावं.

मोठ्या डॉक्टरांनी ह्या बारीला साधं सांगितलं. बोटं मेलीत. ती काढावीच लागतील. नुसती बोटं काढली तर पाऊल ऱ्हाईल, पर सड वर चढंल का थांबंल हे आज सांगता येत न्हाय. चढली तर पुन्ना कापावं लागंल, आन् तवर इख अंगात भिनलं तर जीव बी जाईल. आजच गुडघ्याखाली कापला तर तसा धोका कमी. कायच केलं न्हाय तर वाचायचं अवघड. "माझं मत विचाराल तर मी गुडघ्याखालीच कापीन," असं बी म्हणले.

नागूबाईनं हात काढला. पयलं काय इचारावं तिनं? "कापल्यावर पाय कुठं टाकता?"

डॉक्टरला बी असं कुणी इचारलं नसंल. म्हणले, "टाकत नाही आजी. नियमाप्रमाणं जाळतात."

"माझ्या आधी माझा पाय जळायचा म्हणा की." मंग म्हणली, "बोटं नसली तर माळावर चालता येतंय?"

"काठी घेऊन, सावकाश. पण जखम भरली तर."

"आन् गुडघ्याखाली न्हाय म्हणल्यावर?"

"रबरी पाय बसवतात. सवय होते. पण तुमच्या माळावर शेळ्यांमागं जमेलच असं सांगत नाही."

सिदूला आता ऱ्हावलं न्हाय. त्यो खाटंपाशी आला, "आये, डॉक्टर म्हणतेत ते ऐक. बोटाच्या नादात जीव जाईल."

नागूबाईनं इचारलं, "तुला काल ठाव व्हतं?"

सिदू खाली बघायला लागला.

"मंग मला कामून न्हाय सांगितलं?"

"तू भ्याली असतीस."

"तर भ्याले असते. मला काय भ्यायाला येत न्हाय?" असं म्हणली आन् त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. रागावली न्हाय.

मंग माझ्याकडं वळली. "द्वारकाआक्का, तू काय म्हणतीस?" म्या काय म्हणणार? म्हणलं, "नागूबाई, माझ्या पायाचं असतं तर म्या सांगितलं असतं." ती म्हणली, "तसंच हाय, पाय माझाच हाय."

घडीभर बसली आपली काळ्या बोटांकडं बघत. डॉक्टरीणबाई थांबली, मोठे डॉक्टर घड्याळाकडं बघत का व्हईना, पर थांबले. मंग नागूबाई म्हणली, "बोटं घ्या. पाऊल ठिवा. वर चढलं तर पुन्ना मला इचारा, सिदूला न्हाय. मला इचारा."

"जिवाचा धोका सांगितलाय मी, आजी. काय सांगितलं, तुमच्या तोंडानं सांगा," मोठे डॉक्टर म्हणले. बघ, ते बी शिकले.

"इख चढून मरीन म्हणला तुमी. ऐकलं म्या. ह्या बारीला मनावर घिऊन ऐकलं."

कागदावर अंगठा तिनंच उठवला, हाताचा. आन् तिला आत नेली. बोटं गेली, पाऊल ऱ्हायलं.

आता इथं वाचणाऱ्याला वाटंल, पाऊल वाचलं, गोष्ट सपली. न्हाय. हे बी लिही, उगं गोड करू नगं. ती घरी आली, जखम भरत आली, काठी टेकत शेरडामागं जायला लागली. डॉक्टर म्हणले व्हते लई चालू नका. तिनं किती ऐकलं, देवाला ठाव. चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीची जत्रा. शिवकन्या तिथंच, म्हणून ही गेली. तिथं पुनवंनंतर रानात देवीच्या नावानं चुन्याचे खडे वेचतेत, पालखी येती, लाखभर माणूस. नागूबाई त्या गर्दीत काठी टाकून वाकली आन् तिनं आपल्या हातानं खडे वेचले. शिवकन्या म्हणती, आईचं तोंड असं म्या कधी बघितलं न्हाय.

पावसाळ्याच्या तोंडाला पाय पुन्ना काळा पडला. जत्रंत चालल्यानं म्हण, न्हायतर पडायचाच व्हता म्हण, ते डॉक्टरलाबी सांगता आलं न्हाय. पुन्ना धाराशिव. शिवांजली डॉक्टरीण तवा तिथं नव्हती, दुसऱ्या गावाला गेल्ती. पर मोठे डॉक्टर आले ते स्टूल वढूनच बसले. सिदूला भायेर न्हाय नेलं, तिथंच ठेवलं. समदं सांगितलं. ह्या बारीला दुसरा मार्ग नव्हता, ते बी सांगितलं. नागूबाईनं ऐकून घेतलं, तोंडावर हात न ठेवता गप ऐकलं, आन् म्हणली, "काढा."

तर आता तिचा डावा पाय गुडघ्याखाली न्हाय. रबरी पाय मिळालाय. त्यो घालून ती आमच्या वट्ट्यापतुर येती, माळावर जात न्हाय. शेरडं वर्षाराणी नेती. करडं घरी नागूबाईपाशी असतेत, ती त्यांना कवळा पाला चारती. म्या जाऊन बसते, बोलते, ती "व्हय जी" म्हणती. मेली सवय कुठं जाती?

गावात दोन तोंडं हायत. ती फिरली म्हणणारं एक, ते म्या पयलंच खोडायला लावलं. दुसरं म्हणतंय, पयल्यांदाच डॉक्टरचं ऐकलं असतं तर म्हातारीची दोनदा चिरफाड झाली नसती. ते खोटं न्हाय. डॉक्टर बरोबर व्हते, पाय शेवटी तिथंच कापला जिथं ते म्हणले व्हते. सिदूबी एकदा तसं बोलला. नागूबाई त्याला म्हणली, "बरोबर हाय बाबा त्यांचं. पर त्या दिशी मला पट्टी बांधणार म्हणून आत नेली असती, आन् जाग आल्यावर पाय नसता, तर म्या तुझ्या हातचं पाणी प्याले असते का?" तेवढंच. पुन्ना त्या गोष्टीवर घरात बोलणं निघत न्हाय.

पर एक गोष्ट तिच्या मनाला लागून ऱ्हायलीय, आन् त्याच्याच पायी म्या तुला लिहायला बसवलंय. सिदू मागं पट्टीचं सामान आणायला दवाखान्यात गेल्ता, तवा तिथल्या नर्सनं सांगितलं, की शिवांजली मॅडमचा फोन आल्ता. त्यांनी नागूबाईचं इचारलं. पाय गेला म्हणून कळल्यावर मॅडम म्हणल्या, "मी त्या दिवशी अडवलं नसतं तर बरं झालं असतं का?" सिदूनं हे घरी येऊन सांगितलं, आन् तवापसनं नागूबाईला चैन न्हाय. नंबर घ्यायचं ध्यान सिदूला ऱ्हायलं न्हाय, आन् ती नर्सबी आता तिथं न्हाय. नागूबाईला भ्याव हे, की ती पोरगी आता दुसऱ्या कुणाच्या खाटंवर टेकायची न्हाय, कुणाला इचारायची न्हाय, घाईनं भूल देऊन मोकळी व्हईल.

तर हे वाचणाऱ्यांनो, तुमचं दवाखान्यात जाणंयेणं असतंय. कुठंबी, लातूरला, सोलापूरला, पुण्याला, भूल देणारी शिवांजली डॉक्टरीण भेटली, बारीक अंगाची, बोलताना चष्मा डोक्यावर सारणारी, तर तिला ईटच्या नागूबाईचा निरोप द्या. म्हणावं, पाय सडला म्हणून गेला, तुमी इचारलं म्हणून न्हाय गेला. मर्जी नागूबाईची व्हती. ती बरी हाय, करडं सांभाळती. आन् तुमी म्हाताऱ्या बायांना इचारायचं सोडू नका म्हणावं.